ओली विभूती

बाहेर स्कॉटलंडचा बर्फ पडत होता, पण बागेच्या काचघरात गावाकडच्या मुखेडसारखी ऊब होती. शिवानीनं आईला मुद्दाम तिथल्या बेलापाशी आणलं.

महानंदाबाईंना अंगणातला बेल आठवला. त्यांचे यजमान गुरुलिंगअप्पा आधी त्याच्या खोडाला ओल्या विभूतीची बोटं ओढत, मगच पूजेला पानं तोडत. ओली असताना ती दिसायची नाही, वाळता वाळता पांढरी व्हायची. डाळमिलमध्ये मधलं बोट अर्धं तुटलेलं, म्हणून तिनाऐवजी दोनच पट्टे उमटायचे. लेकीनं कितीदा बोलावलं, पण “बेलाला इबूत कोण लावंल?” म्हणून नवऱ्यानं मुखेड सोडलं नाही. गेल्या श्रावणात ते गेले.

“अप्पा असते तर इथून हलले नसते,” शिवानी म्हणाली.

“हाव गं. लई जीव व्हता त्यांचा बेलावर.”

बाईंनी खोडाला बोट लावलं. बोट ओलं झालं.

“पाणी मारलंय वाटतं,” शिवानी म्हणाली.

 खोडावरची ओल वाळत चालली होती, आणि तिथं हळूहळू दोन पांढरे पट्टे वर येत होते, मधली जागा कोरी सोडून.