व्हॉल्व्हपाशी सात सेकंद

"सेहेचाळीस." दीनानाथांनी स्टॉपवॉच केयाच्या नाकासमोर धरलं. "बाकीचे पाचजण एकोणचाळीस सेकंदांत बाहेर. वरचे सात सेकंद आत काय करत होतात, केयाबाई?"

लॅबमधला अलार्म अजून कोकलत होता. हॅलिफॅक्स शहरातल्या एका संशोधन संस्थेत हायड्रोजन हाताळायचं ट्रेनिंग दीनानाथच द्यायचे, आणि शेवटची ड्रिलही तेच घ्यायचे. पास झाला त्याला लॅबचं कार्ड. केया एकदा नापास झाली होती. आज पुन्हा झाली तर तिची जागा दुसऱ्याला जाणार होती.

"सर, सिलिंडर लीक होत होता. मी व्हॉल्व्ह बंद केला."

"नियम काय सांगतो?"

"आधी बाहेर."

"मग?"

"हाताला हवा लागली, सर. खरंच लागली. फुस्स आवाजही येत होता."

दीनानाथ कौतुकानं हसले.

"अहो, तो सिलिंडर रिकामा असतो! आमचा रविकांत सकाळी येऊन भरलेला हलवतो, रिकामा ठेवतो, मागे स्पीकर लपवतो आणि शेजारच्या खोलीतून रिमोट दाबतो. अलार्म त्याचा, फुस्सही त्याचंच. दरवर्षी कुणाला तरी हवा लागते. गेल्या वर्षी एकाला तर वास आला. हायड्रोजनचा!"

पुण्याचा शंतनु मोठ्यानं हसला. हायड्रोजनला वास नसतो, हे आपल्याला ठाऊक आहे एवढं सगळ्यांना कळेल इतक्या मोठ्यानं.

केयानं हात जॅकेटच्या खिशात घातला. "सर, एकदा मीटर लावून बघू या ना. प्लीज."

"मीटर खऱ्या लीकसाठी असतो. बॅटरी काय झाडाला लागते?" दीनानाथांनी घड्याळ पाहिलं. "ड्रिल दहाची होती. पठ्ठ्यानं आठ मिनिटं आधीच वाजवलं. बरोबर बेसावध गाठलं तुम्हाला."

फॉर्मवर केयाच्या नावापुढे त्यांनी ठसठशीत फुली मारली.

"चला, बाकीच्यांची सेकंड राउंड. शंतनु, आधी तो अलार्म बंद कर, डोकं उठलंय. एक्झॉस्ट फॅनही बंद कर, त्याच्या घरघरीत स्पीकर ऐकू येत नाही. आणि यांनी बंद केलेला व्हॉल्व्ह उघड."

"किती उघडू, सर?"

"पूर्ण. अर्धवट कामं मला आवडत नाहीत. आणि हॉटप्लेट लाव. खरं वाटायला हवं."

पाचहीजण आत गेले. जाड दार मिटलं. अलार्म थांबला, पाठोपाठ पंखाही. इतका वेळ कानात भरलेला आवाज गेल्यावर दीनानाथांना फार हायसं वाटलं.

"सर," केया म्हणाली, "माझ्या प्रोफेसरना तुम्ही कळवणार, की मी?"

"मीच कळवतो. गोड शब्दांत कळवतो."

लॅबमध्ये फोन न्यायला बंदी असल्यामुळे सगळ्यांचे फोन दारापाशी टोपलीत होते. दीनानाथांनी आपला शोधून काढला, खिशातून चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला. दाराच्या काचेतून शंतनुनं अंगठा दाखवला. दीनानाथांनीही अंगठा दाखवला आणि फोनकडे पाहिलं.

रविकांतचा मेसेज होता. साडेनऊचा.

"सॉरी सर, डार्टमथहून फेरीबोट अजून सुटलेली नाही. स्पीकर, रिमोट माझ्या बॅगेत आहेत. आत भरलेलाच सिलिंडर आहे, मी येईपर्यंत कुणाला लॅबमध्ये सोडू नका."