उघडं पोस्टकार्ड

“पुस्तकं मी चोरली नाहीत, हे ठाऊक असून तुम्ही सभेत मान का डोलावलीत?” चोरीच्या आरोपावरून ग्रंथालयाच्या नोकरीतून काढून टाकलेल्या भागीरथाबाईंच्या त्या पत्राला समितीतल्या वामनरावांनी सहा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. आज काटोल रोडच्या पंपावरील बाईनं नळी उचलत विचारलं, “पेट्रोल ना, काकाजी?” गाडी डिझेलची होती, तरी तिलाच जास्त कळत असेल असं वाटून वामनरावांनी मान डोलावली. थोड्याच अंतरावर गाडी गचके खात बंद पडली. हकिकत ऐकून टाकी उपसणारा मिस्त्री खेकसला, “मालूम होतं डिझेल हाय, तं मान काहून डोलावली, काकाजी?” पेट्रोलच्या वासापेक्षा त्यांना किळस आली स्वतःच्या मानेची. थेट पोस्टात जाऊन त्यांनी कुणालाही वाचता येईल अशा पोस्टकार्डावर लिहिलं, “तुम्ही निर्दोष होतात, मी भित्रा,” आणि कार्ड पेटीत टाकलं.