मी उठले

"सर, ही कमांड एकदा चालली की सिस्टिम परत उभी राहत नाही. म्हणून ती आधी सिस्टिमचं नाव लिहून मागते," नवी सिस्टिम बसवायला आलेल्या बाई म्हणाल्या. "मी लिहू का?"

"नको," परचुरे म्हणाले.

साखर कारखान्याच्या वजनकाट्याची ती जुनी सिस्टिम त्यांनीच लिहिली होती. सुरू झाली त्याच आठवड्यात लेक जन्मली, म्हणून दोघींचं नाव एकच, शाल्मली. सिस्टिम सुरळीत असल्याचा निरोप रोज सकाळी मोबाइलवर येई. तोही त्यांनी हौसेनं लिहिलेला: "आईबाबा, मी उठले!"

पुढे शाळकरी वयातच लेक तापानं गेली. निरोप येत राहिला. तो बदलायला परचुऱ्यांचं मन कधी धजावलं नाही.

आता त्यांनी एकेक अक्षर दाबत नाव लिहिलं. "शाल्मली संपली. परत आणता येणार नाही," पडद्यावर उमटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचा चहा निवत होता. बायको स्वतःचा मोबाइल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. निरोप तिलाही जायचा, हे ते पार विसरले होते. तिनं कधी विषयच काढला नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "आज शालू अजून उठली नाही."