येताना ठेवतो

तांदळाचं ताट एका हातात आणि पोर कडेवर, अशी सत्यवेणी थेट प्रचाराच्या गाडीपुढे येऊन उभी राहिली. चालकाला करकचून ब्रेक दाबावा लागला. टपावर हात जोडून उभे असलेले चक्रधर राव पुढच्या दांडीवर आदळता आदळता वाचले.

कोनलंकेत त्यांना तसंही आज कुणी फारसं विचारत नव्हतं. मागच्या निवडणुकीत गोदावरीतल्या या बेटावर पाय ठेवायला जागा नव्हती. जन्मभर पडद्यावर पाहिलेला माणूस मतं मागायला दारात आला म्हणून लोक नारळाच्या झाडांवर चढून बसले होते. त्या मतांवर चक्रधर राव आमदार झाले, आणि त्यानंतर पाच वर्षं बेटावर फिरकले नाहीत. आता झाडं रिकामी होती. कोनलंक हातची गेली की आमदारकी गेली, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"नाव ठेवायला आणलीय पोर, अण्णा," सुब्बाराजू खालून म्हणाला. चाहत्यांच्या संघटनेचा हा जुना अध्यक्ष आता त्यांचा प्रचार सांभाळत होता.

या भागात बारसं एकविसाव्या दिवशी होतं. ताटात तांदूळ पसरतात आणि त्यावर अंगठीनं नाव लिहितात. पण निवडणूक तोंडावर असली आणि गावात मोठा माणूस यायचा असला, की आया हट्टानं बारसं लांबवतात. नाव त्याच्याच तोंडून निघायला हवं असतं. चक्रधर राव या कामात तरबेज होते. टपावरून वाकायचं, पोर उचलायचं, आपल्याच एखाद्या भूमिकेचं नाव भोंग्यावरून जाहीर करायचं. पोर भोकाड पसरायचं आणि गर्दी शिट्ट्या मारायची. एकेका गावात तीन-तीन विजयकुमार होऊन बसले होते, पण त्याचं कुणाला काही वाटत नसे.

"ओळखलंत का, अण्णा?" सत्यवेणीनं विचारलं. "मागच्या खेपेला इथंच उभी होते. ताट पुढे केलं तर म्हणालात, पलीकडे सभा आहे, उशीर होतोय, येताना ठेवतो."

त्यांना काही आठवेना. असं ते कितीतरी ठिकाणी म्हणाले असतील. त्या दिवशी सभा आटोपून ते होडीनं परस्पर पलीकडच्या तीरावर गेले होते. बेटाची मतं पक्की आहेत, असं सुब्बाराजूनं कानात सांगितलं होतं. मग उलटं फिरायचं कशाला?

"आणि तू वाट पाहत राहिलीस?"

"राहिले ना. सासू रोज डोकं खायची, पुरोहिताला बोलाव आणि ठेव काहीतरी. मी ऐकलं नाही. म्हटलं, अण्णांनी शब्द दिलाय. सिनेमात कधी शब्द मोडताना पाहिलं नव्हतं तुम्हाला."

पारावरचा एक म्हातारा खाकरला. "शेवटच्या रिळात तरी येतील म्हणून बसली होती बिचारी."

लोक हसले. चक्रधर रावांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाळ्यांच्या नादात आपण काय काय बोलून गेलो आणि कोण कोण त्यावर विसंबून राहिलं, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांनी पोरीकडे पाहिलं. पाच वर्षांची म्हणावी तर फारच लहानखुरी होती. खाण्यापिण्याची आबाळ होत असेल, असं वाटून त्यांना आणखीच वाईट वाटलं.

"अण्णा, देवानं दिलंय हे," सुब्बाराजू पुटपुटला. "फोटोवाल्याला पुढे घेतो. उशिरा का होईना, अण्णांनी शब्द पाळला. गाव पुन्हा आपलं."

"फोटोवाल्याला लांब ठेव," चक्रधर राव म्हणाले आणि खाली उतरले.

नाव ठेवायला ते आजवर कधी खाली उतरले नव्हते. सत्यवेणीनं पोरीला कडेवरून उतरवलं आणि ताट तिच्यापुढे जमिनीवर ठेवलं, तसे चपला काढून ते पोरीसमोर मातीत बसले. तोंडावर आलेलं एका जुन्या नायिकेचं नाव त्यांनी गिळलं. ते फारच स्वस्त वाटलं. मग त्यांनी बोटातली अंगठी काढली आणि तांदळावर सावकाश आपल्या आईचं नाव लिहिलं. ते त्यांनी आजवर कुणालाच दिलं नव्हतं, स्वतःच्या नातीलासुद्धा नाही.

"सीतारत्नम," ते म्हणाले. भोंगा बंद होता. त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "आजपासून तू सीतारत्नम."

पोरीनं मान हलवली. "मी मंगा."

चक्रधर रावांनी गोंधळून वर पाहिलं. "अगं, हिला तर नाव आहे."

"हिचं सासूनं ठेवलं, एकविसाव्या दिवशी. हिच्या वेळी मी कुणाची वाट पाहिली नाही." सत्यवेणी तांदळावरची अक्षरं निरखत होती. "हे थोरलीचं."

"मग तिला आण की पुढे. कुठं आहे ती?"

"तिसरं लागायच्या आत तापानं गेली, अण्णा."

सुब्बाराजूनं नजर वळवली. चक्रधर रावांच्या हातातली अंगठी तशीच राहिली.

सत्यवेणीनं तांदूळ हलणार नाहीत अशा बेतानं ताट उचललं.

"सगळ्या लहान पोरींना म्हणतात तसं तिलाही आम्ही पापाच म्हणायचो," ती म्हणाली. "आता पापा म्हणून रडायला बसले, की ही मंगा धावत येते."