चिऊचा घास

"हा घास चिऊचा," मैथिली म्हणाली.

"चिऊ नाहीच्चे! तू खोटं बोलतेस." चार वर्षांच्या रेवाने ताट दूर सारलं. चिमण्या मैथिलीच्याही जन्माआधी संपल्या होत्या, मूळ आवाजाची नोंदही उरली नव्हती. उरली होती ती फक्त भरवताना आया काढत आलेली चिवचिव. एका कलावंत बाईंनी तीच घरोघरच्या आज्यांकडून ध्वनिमुद्रित करून एका रिकाम्या दालनात लपवलेल्या स्पीकरमधून सोडली होती. डबा घेऊन मैथिली लेकीला तिथेच घेऊन गेली.

दार लोटताच चिवचिव डोक्यावरून भुर्रकन गेली, खांबामागे भांडली, पायांशी उतरली.

रेवाने डब्यातला घास जमिनीवर ठेवला.

"आई, मागे सरक ना. ती तुला घाबरतेय."

मैथिली श्वास रोखून मागे सरकली.