पडताळणीचा फोन

“यातला एक फॉर्म बोगस आहे,” सर्व्हे ऑफिसच्या नलिनी मॅडम सुशांतला म्हणाल्या.

एकच? दोनशेपैकी दीडशे फॉर्म तरी त्याने घरात पंख्याखाली बसून भरले होते. उपनगरातलं जगणं लोकांना कसं वाटतं, याचा सर्व्हे होता तो. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत दारोदार फिरायचं आणि पाणी, हवा, शेजार, एकटेपणा, सगळ्याला दहापैकी मार्क विचारायचे. उन्हात कोण मरतंय? मित्र, मेहुणे, अख्खी सासुरवाडी त्याने फॉर्मांत कोंबली होती आणि सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. ऑफिसातून पडताळणीचा फोन आला की म्हणायचं, हो, आला होता मुलगा, सगळं विचारून गेला. पोपट चुकतील, पण ही मंडळी चुकली नव्हती. या महिन्यात तो सुपरवायझर होणार होता, पक्की नोकरी. घरी पेढ्यांची चर्चासुद्धा झाली होती.

“कुठला फॉर्म, मॅडम?”

“बोरिवलीचा. सुगंधा, वय एकाहत्तर.”

सुशांत हबकलाच. सुगंधा म्हणजे त्याची आई. स्वतःचं घर सर्व्हेत घ्यायचं नसतं. पण शेवटी एक फॉर्म कमी पडला होता आणि फॉर्मवर आडनाव नसतंच. गंमत म्हणजे त्या दीडशेच्या ढिगात हाच एक त्याने मनापासून, खराखुरा भरला होता. चाळीच्या जागी टॉवर, चोवीस तास पाणी, लिफ्ट. घरात माणसं चार. समाधान, दहापैकी नऊ. आईला पढवायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. घरच्या माणसाला काय पढवायचं?

मॅडमनी फोनचं रेकॉर्डिंग लावलं.

“आजी, घरात कोण कोण असतं?” ऑफिसातली मुलगी विचारत होती.

“एकटीच आसंय गो बाय. टावरात इल्यापासून एकटीच.”

आज सकाळीच त्या घरात चार कप चहा झाला होता.

“आमचा माणूस येऊन तुमच्याशी बोलून गेला ना?”

“नाय गो. माझ्याशी बोलूक कोण येता? तूच पयली. परत कधी करशीत फोन?”

मॅडमनी रेकॉर्डिंग बंद केलं. त्या चिडल्या होत्या.

“चार माणसं लिहितोस? नऊ मार्क देतोस? अरे, ही बाई आमच्या मुलीला अर्धा तास फोन ठेवू देत नव्हती!”

मॅडमनी तो फॉर्म त्याच्यापुढे सरकवला.

“खरं सांग. या बाईंना तू कधी भेटलास तरी का?”

भेटलो, त्या विसरल्या असतील, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

“नाही, मॅडम,” सुशांत म्हणाला.