न फोडलेली पाकिटं

नर्सबाईंनी छोटीला वजनकाट्यावरून उचललं. "अर्धा किलो वाढली! आमच्या केंद्राची पोषणाची पावडर मानवली बघा हिला." मग मागे उभ्या शेजारणीच्या हडकुळ्या पोराकडे पाहून म्हणाल्या, "शिका जरा छोटीच्या आईकडून."

संध्याकाळी शेजारीण थेट स्वयंपाकघरात आली. "खरं सांग गं, माझं पोर तर ती पावडर ओकून टाकतं. तू आणखी काय देतेस?"

छोटीच्या आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण गेल्याच महिन्यात वरच्या मजल्यावरची बाई नाकतोडे भाजताना दिसली, तेव्हा "शी! किडे खाणारी माणसं" म्हणत त्या कुटुंबाला घर रिकामं करायला लावण्यात हीच शेजारीण पुढे होती.

"काही नाही गं, पावडरच." अन्नाला पाय लावू नये, तरी छोटीच्या आईनं कुटलेल्या नाकतोड्यांचा डबा पायानंच हळूच ओट्याखाली सरकवला. मग फळीवरची पावडरची सहाच्या सहा पाकिटं काढून शेजारणीच्या हातात ठेवली. "ही माझीपण घेऊन जा."

शेजारणीचे डोळे भरून आले.

"अगं, मग तुझी छोटी काय खाईल?"